पळत्या पोरीचं रक्त

मला राग लवकर येतो, हे सौंसरच्या अर्ध्या बाजाराला माहीत आहे. माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. एखादी बाई दहा रंग काढायला लावून ‘उद्या येते’ म्हणत निघाली की मी तिला ऐकवल्याबिगर सोडत नाही. म्हणून त्या रविवारी मी पांढुर्ण्याच्या लॅबमध्ये जाऊन डॉक्टर मॅडमशी भिडली, याचं घरात कोणाला नवल वाटलं नाही. नवल त्याच्या पुढं घडलं. ते मी या डोळ्यांनी पाहिलं, अन् आजही कापड मोजता मोजता मला ते आठवतं अन् हात थांबतो.

पण आधीचं सांगते.

तेजस्विनी माझी एकुलती एक पोरगी. सतरा पूर्ण झाली तिला. तीन वर्षांची होती तेव्हा असा निमोनिया झाला होता की नागपूरच्या डॉक्टरनं मला बाजूला बोलावून ‘देवाचं नाव घ्या’ म्हटलं. ती बरी झाली, मी काही बरी झाली नाही. तेव्हापासून मी तिच्या मागं लागूनच आहे. कानाला रुमाल बांध, ओल्या केसांनी फिरू नको, आईस्क्रीम खाऊ नको, पंख्याखाली झोपू नको. तेजूचे बाबा भूपेंद्र बिजली ऑफिसात आहेत, फार शांत माणूस. ते म्हणत, “उर्मिला, पोरगी मोठी झाली नं आता.” मी म्हणायची, मोठी झाली असेल तुमच्यासाठी.

अन् अशा पोरीला लागला पळण्याचा नाद! सातवीत असताना शाळेचे खेळाचे सर, सौरभ सर, घरी आले. म्हणाले, ही पोरगी दमतच नाही, हिला पहाटे मैदानावर पाठवत जा. मी म्हटलं, सर, हिची छाती कमजोर आहे. ते म्हणाले, म्हणूनच पाठवा. मी रागानं चहासुद्धा विचारला नाही त्यांना. पण तेजूनं दोन दिवस जेवण सोडलं, मंग काय करता? पाठवायला लागली, पण मीही पहाटे मैदानाच्या कडेला स्वेटर घेऊन उभी. ती थांबली रे थांबली की मी घातलंच तिच्या अंगात. पाच वर्षांत त्या पोरीला दवाखाना लागला नाही. ते सगळं माझ्या स्वेटरमुळं, असं मी समजून होती.

यंदा ती भोपाळच्या खेळाच्या हॉस्टेलसाठी निवडली गेली. तिथंच राहणं, तिथंच शाळा, चांगले कोच, चांगलं मैदान. आमच्या मोहल्ल्यातून तिथं कोणी गेलेलं नाही. फक्त मेडिकलचे कागद द्यायचे राहिले होते, रक्ताच्या रिपोर्टसकट. तारखेच्या आत पोचले नाहीत तर जागा दुसऱ्या पोरीला. तेजूनं सूटकेस काढून पुसूनही ठेवली होती.

आमच्या गावात सकाळी रक्त घेतात अन् ते पांढुर्ण्याला डॉक्टर हिमानी यांच्या लॅबमध्ये जातं. रिपोर्ट मोबाईलवर येतो. उपाशीपोटी या म्हणून सांगितलं होतं. तेजू तशीही उपाशीपोटीच पळते. ती मैदानावरून सरळ रक्त देऊन आली अन् घरी येऊन चार पोळ्या खाल्ल्या. संध्याकाळी रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या आत पाहिजे, तेजूच्या अठरा हजार.

डॉक्टर मॅडमचा फोन आला. ताप आहे का? खोकला? कुठं गळू, जखम? दाढ दुखते का? मी प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग आठवड्यानं परत करून पाहू.

आता आमचे मामाजी. म्हणजे माझे सासरे, पुंडलिकराव. मोहगावची संत्र्याची वाडी मोठ्या दिरांच्या हवाली करून आमच्याजवळ राहतात. तेजू म्हणजे त्यांचा जीव. आमच्या इकडं कोणाचं काही अडलं की जामसावळीच्या मारुतीपुढं गाऱ्हाणं घालतात. तिथला मारुती पिंपळाखाली निजलेला आहे, अन् मामाजींचा शनिवार चुकत नाही. त्यांनी रिपोर्ट ऐकला, डोळे मिटले अन् तिथल्या तिथं नवस बोलले.

“माही पोरगी पळत तुह्या दारी येईन, मारुतीराया. वाटेत बसनार नाई, पानी पेनार नाई. तुहा शेंदूर कपाळाले लावून पळतच वापस येईन अन् मंगच रक्त देईन. तू तेवढं तिचं रक्त साफ कर.”

मला तो नवस आवडला. पळणाऱ्या पोरीनं पळण्याच्या देवाला पळूनच भेटावं, यात वावगं काय आहे? परत रक्त द्यायच्या सकाळी तेजू पुढं पळून राहिली अन् तिच्या मागं मोटरसायकलवर बाप अन् आजा. रस्त्यानं भाजीवाले थांबून पाहत होते म्हणे. मी रक्त घेतात तिथं उभी होती. ती परत सरळ तिथंच आली तेव्हा तोंड लालबुंद, कपाळावरचा शेंदूर घामानं नाकापर्यंत आलेला. नवसात थांबायचं नव्हतं, म्हणून तशीच धापा टाकत खुर्चीवर बसली अन् हात पुढं केला. रक्त घेणाऱ्या बाईनं शेंदूर पाहिला अन् तिनंही नमस्कार केला. मीही हात जोडले.

दुसरा रिपोर्ट आला. बावीस हजार.

या वेळी डॉक्टर मॅडमचा आवाज हळू होता. “ताई, घाबरू नका. पण नागपूरला रक्ताच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. हे असं असताना मी फिटनेसवर सही करू शकत नाही.”

भूपेंद्रनं मोबाईलवर काहीतरी वाचलं अन् मोबाईल उपडा ठेवून दिला. मी विचारलं, काय लिहिलं आहे? ते म्हणाले, काही नाही, सगळं इंग्रजीत आहे. बारा वर्षं ऑफिसात इंग्रजी कागद वाचून राहिलेला माणूस! मला समजलं त्यांनी काय वाचलं ते. तो शब्द घरात कोणी उच्चारला नाही, पण ताटं वाढताना, पाणी भरताना तो सगळीकडे होता. रात्री जेवता जेवता तेजूनंच विचारलं, “आई, मी मरणार आहे का?”

मी म्हटलं, “गप. भाजी घे.” अन् उठून मोरीत गेली अन् नळ मोठा सोडून रडली.

सकाळी मामाजी म्हणाले, नवसात काही कमी पडलं असेल, आता पाच शनिवार पळवतो. तेव्हा माझं डोकं फिरलं. मामाजींवर चिल्लावता येत नाही, देवावर चिल्लावता येत नाही, मंग उरली कोण? लॅब. मी ठरवून टाकलं की यांची मशीनच बिघडली आहे. तो रविवार होता, अन् दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, कागद द्यायची तारीख. मी तेजूचा हात धरला अन् पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसली. आख्ख्या वाटेनं मी भांडण पाठ करत होती.

लॅब रविवारची बंद होती. डॉक्टर मॅडम वरच्या मजल्यावरच राहतात. मी खालूनच हाक मारली अन् त्या खाली आल्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, केसाला तेल लावलेलं, हातात चहाचा कप.

“तुमची मशीन बिघडली आहे,” मी म्हटलं. “धडधाकट पोरीला बीमार करून ठेवलं तुम्ही.”

“मशीन मी रोज तपासते, ताई. बसा.”

“मी बसायला नाही आली.”

“मुलीला तरी बसू द्या.”

तेजू बसली. मॅडमनी तिला पहिल्यांदा पाहिलं. आतापर्यंत त्यांनी तिचं रक्तच पाहिलं होतं. ट्रॅकसूट पाहून विचारलं, “खेळतेस का तू?”

“पळते, मॅडम. तीन हजार मीटर.”

मॅडमचा कप तोंडाजवळ थांबला. “रक्त दिलं त्या दिवशीही पळली होतीस?”

“हो. जामसावळीला जाऊन आली नं. आबाजींचा नवस होता.”

“चालत?”

“पळत. जाताना पळत, येताना पळत. थांबायचं नव्हतं, म्हणून लगेच रक्त दिलं.”

“आणि पहिल्या वेळी?”

“मैदानावरून सरळ गेली होती.”

मॅडमनी कप टेबलावर ठेवला अन् कपाळाला हात लावला. “अहो ताई, हे मला सांगायचं नाही का?”

“तुम्ही ताप विचारला, खोकला विचारला. पळणं काय बीमारी आहे का सांगायला?”

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मी विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं.”

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं असं पटकन चुकलं म्हटलं की भारी पंचाईत होते. पाठ केलेलं सगळं वाया. मी खुर्ची ओढली अन् बसली.

मॅडम म्हणाल्या, मला वाटतं ते खरं असेल तर पोरीला काहीही झालेलं नाही. पण नुसतं वाटून चालत नाही, आज पाहूनच घेऊ. बसमधून बसून आली आहे, अजून अर्धा तास गप बसू द्या. तेजूला गप बसवणं म्हणजे शिक्षाच. ती पाय हलवू लागली की मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवायची. मंग मॅडमनी रक्त घेतलं, मशीनमध्ये लावलं. मी मशीनकडं पाहत नव्हती. मी तेजूच्या चपलेच्या पट्ट्याकडं पाहत होती. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “सात हजार आठशे.”

“म्हणजे?”

“म्हणजे अगदी चांगलं.”

मी तेजूच्या डोक्यावर हात ठेवला अन् तो काढावासाच वाटेना. तेजूच म्हणाली, “आई, केस ओढून राहिली तू.”

तिथंच उठून घरी आली असती तर हे सगळं सांगायला बसलीच नसती. पण मॅडमच्या डोळ्यांत आता वेगळीच चमक आली होती. त्या म्हणाल्या, “ताई, घाई नसेल तर तुम्हाला एक गोष्ट दाखवू का? मी पुस्तकात वाचली आहे, पण असं कोणी माझ्याकडं पळत आलं नाही आजपर्यंत.”

त्यांनी काचेच्या पट्टीवर तेजूच्या रक्ताचा थेंब ठेवला, वरून बारीक काच दाबली अन् मला दुर्बिणीत, म्हणजे त्यांच्या मायक्रोस्कोपमध्ये, पाहायला लावलं. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मंग मॅडमनी माझी मान धरून बरोबर बसवली अन् दिसलं. फिकट गोल टिकल्याच टिकल्या, एकमेकींना टेकलेल्या. त्या लाल पेशी, मॅडम म्हणाल्या. आता मधोमध पाहा, ती जरा मोठी, दाणेदार. ती पांढरी. तिच्यावरच नजर ठेवा.

मी पाहत राहिली. ती तिथंच होती. मंग तिच्या एका कडेला जरासा फुगवटा आला, अन् सगळी पेशी हळूहळू त्या फुगवट्यात ओतली गेली. परत कड फुगली, परत ती पुढं सरकली. वाटेतल्या लाल टिकल्यांना तिनं बाजूला सारलं.

“माय वं! चालून राहिली ही!” मी ओरडली.

“हो. काहीतरी शोधते आहे.”

“हिला सांगितलं कोणी?”

“कोणीच नाही.”

खरं सांगते, ज्या पोरीला मी न्हाऊ-माखू घातलं, जिच्या अंगावरचा तीळ न् तीळ मला ठाऊक, तिच्या आत हे चालून राहिलं होतं अन् मला पत्ता नव्हता. त्या पेशीला ना डोळे, ना तोंड, ना माझं नाव माहीत. तरी ती माझ्या पोरीसाठी फिरत होती. मी दुर्बिणीवरून उठेचना, शेवटी तेजूनं मला बाजूला ढकललं अन् स्वतः पाहिलं. मंग तीही उठेना.

लॅबच्या मागं शाळेचं मैदान आहे. मॅडमनी तेजूला सांगितलं, तुझ्या शर्यतीसारखी जीव लावून पळ. तेजू अशी सुटली की बस! अर्ध्या तासाच्या बसण्याचा राग काढत असेल. मी सवयीनं पिशवीतून स्वेटर काढून कडेला उभी. मॅडम माझ्या बाजूला सिरिंज घेऊन उभ्या. ती धापा टाकत आली, तिथंच ओट्यावर बसली अन् मॅडमनी रक्त घेतलं. हात तोच, पोरगी तीच.

मशीननं सांगितलं, अठरा हजारांच्या वर.

या खेपेला मॅडमनी दोन्ही रक्तांच्या काचा रंगवल्या. जांभळ्या रंगात पांढऱ्या पेशी उठून दिसतात. पहिल्या काचेत इथं एक, तिथं एक, शोधावं लागे. दुसऱ्या काचेत जिथं नजर टाकावी तिथं त्या. कोणाच्या पोटात जांभळा गोळा, कोणाच्या पोटात तीन तुकडे धाग्यानं जोडलेले. एवढ्याशा वेळात हे एवढे आले कुठून?

“एवढ्या वेळात तयार झाल्या?” मी विचारलं.

“नाही. एवढ्या लवकर शरीर नवीन बनवू शकत नाही. या आधीच होत्या. नसांच्या भिंतींना चिकटून, फुफ्फुसात, प्लीहेत म्हणजे तिल्लीत बसून होत्या. तेजू पळायला लागली, छाती धडधडायला लागली, रक्त जोरात वाहायला लागलं, तशा सगळ्या उठून बाहेर आल्या. रक्ताच्या थेंबात आपण फक्त बाहेर आलेल्या मोजतो. घरात बसलेल्या मोजता येत नाहीत.”

अन् माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. माझं माहेर सावरगाव, जाम नदीच्या त्या काठावरचं. मी म्हटलं, “थांबा मॅडम. म्हणजे हे गोटमारीसारखं!”

“कसं?”

“आता पहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर उभं राहून माणसं मोजा. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, एकमेकांवर गोटे मारायला दोन्ही काठ भरलेले, गच्चीवर माणूस, झाडावर माणूस. बाहेरच्याला वाटेल, बापरे, केवढं मोठं गाव आहे! गाव तेवढंच आहे. रोजचे घरात असतात, त्या दिवशी नदीवर असतात. नगाऱ्याचा आवाज झाला की आमचा मयूर, माझा भाऊ, जेवत्या ताटावरून उठतो. यंदाही कपाळाला टाके घालून आला, बैताड!”

मॅडम खळखळून हसल्या. म्हणाल्या, हे मी आता प्रत्येक पेशंटला सांगणार. आणि मग म्हणाल्या, “त्या टाक्यांमध्येही आत्ता याच पेशी काम करत असतील.”

“अन् आम्ही नेमकं गोटमारीच्या दिवशीच मोजायला गेलो,” मी म्हटलं. “दोन्ही वेळा.”

“नवस करून गेलात,” मॅडम म्हणाल्या.

एवढ्यावर भागलं नाही. मॅडमनी आम्हाला वर नेऊन पोहे खाऊ घातले अन् तासा-दीड तासानं परत रक्त घेतलं. आता आकडा खाली आला होता. पण त्यातल्या एका जातीच्या पेशी, लिम्फोसाइट म्हणतात, त्या तर सकाळी तेजू गप बसून होती तेव्हापेक्षाही कमी. मी म्हटलं, “ह्या मेल्या का?”

“आधी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं,” त्या म्हणाल्या. “पळून झाल्यावर शरीर उघडं पडतं, राखणदार कमी होतात, असं शिकवायचे. आता बरेच शास्त्रज्ञ वेगळं सांगतात. त्या मरत नाहीत. रक्तातून निघून फुफ्फुसात, आतड्यात जातात. जिथून रोग आत शिरतो, तिथं गस्त घालायला. काही वेळानं परत येतात.”

“रोज?”

“रोज. ती जेव्हा जेव्हा पळते तेव्हा. पाच वर्षांपासून तिच्या आत ही कवायत चालू असेल. झोप मोडून, उपाशी राहून, जीव तोडून पळाली तर उलटं होऊ शकतं, तेवढं सांभाळा. पोटभर खाऊ द्या, आठ-नऊ तास झोपू द्या. बाकी तिला पळू द्या.”

मी परत दुर्बिणीजवळ गेली. ती गर्दी मला अजून एकदा पाहायची होती. पाहता पाहता मला एकदम रडू आलं, अन् मॅडमसमोर, पोरीसमोर मी रडली. मोरीतलं रडणं वेगळं होतं. चौदा वर्षं मला वाटत होतं की या पोरीला मीच एकटी राखून राहिली आहे. माझा डोळा लागला तर संपलं. अन् इथं हजारोंनी पहारेकरी उभे होते. मी दुकानात असताना, मी झोपली असताना, मी तिच्यावर चिल्लावत असतानाही. कोणाला पगार नाही, कोणाला सुट्टी नाही. मी त्यांना हात जोडले. तुम्हाला हसू येईल, पण काचेच्या पट्टीवरच्या रक्ताला मी नमस्कार केला.

तेजू म्हणाली, “आई, चल नं, लोक काय म्हणतील!” लोक म्हणजे तिथं एकट्या मॅडमच होत्या.

मॅडमनी बसून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट काढला, फिटनेसवर सही केली. खाली स्वतःच्या हातानं लिहिलंही, की आधीचे दोन नमुने कडक व्यायामानंतर लगेच घेतले होते. पैसे घेईनात. मी म्हटलं, मॅडम, मी भांडायला आली होती, फुकट घ्यायला नाही. तेव्हा घेतले.

घरी आल्यावर मामाजींना सांगणं अवघड होतं. ते दारातच बसले होते, माळ हातात. मी सगळं सांगितलं, गोटमारीसकट. ते माळेचे मणी ओढत राहिले. मंग म्हणाले, “म्हंजे म्याच पोरीले फसवलं का वं, सूनबाई? मारुतीनं आयकलं नाई?”

“ऐकलं, मामाजी. तुम्ही त्याच्या दारी पळवत नेली, त्यानं तिची सगळी फौज उठवून उभी केली. आपणच फौज पाहून भ्यालो.”

त्यांनी डोळे पुसले. “अन् माह्या आंगात हायेत का त्या?”

“सगळ्यांच्या अंगात आहेत.”

“म्हाताऱ्याच्याबी?”

“तुमच्याही. चाललात की उठतील.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दूध घ्यायला उठली तर मामाजी धोतर खोचून अंगणात फेऱ्या मारून राहिले होते. मला पाहून म्हणाले, “उठवून राह्यलो.”

सौरभ सरांनी कागद वेळेत पोचवले. त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला, दोनदा.

मंग जायचा दिवस आला. भोपाळची गाडी पांढुर्ण्याहून. तेजू एकटीच जाणार होती, तिथं घ्यायला हॉस्टेलची माणसं येणार होती. स्टेशनवर आम्ही सगळे: मी, भूपेंद्र, मामाजी, सौरभ सर. गाडी दोन मिनिटं थांबते. तिचा डबा कुठं लागेल ते कोणाला नीट माहीत नव्हतं, अन् लागला तो पार पुढं, इंजिनाजवळ. गाडी थांबली, मी तेजूला जवळ घेतलं, ती पाया पडली, सूटकेस उचलली अन् पाऊल उचलता उचलता जोरात शिंकली.

झालं! सगळे जागच्या जागी थांबले. निघताना शिंक म्हणजे आमच्याकडं पाय मागं घ्यायचा, बसायचं, पाणी प्यायचं, मंग निघायचं. मामाजींनी तिची बाही धरली. “बस, माय, बस एक घडी.” भूपेंद्र पाण्याची बाटली शोधू लागले. सौरभ सर घड्याळाकडं पाहून राहिले. तेजूचं नाकही लाल होतं. काल रात्रीपासून तिला सर्दी झाली होती अन् तिनं माझ्यापासून लपवून ठेवली होती. हे मला त्या क्षणाला कळलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, झालं, आता आई बॅगसकट घरी नेते.

इंजिनानं शिट्टी दिली.

माझ्या पिशवीत स्वेटर होता. हात आत गेलाही होता. छाती अशी धडधडून राहिली होती की मलाच ऐकू येत होती. चौदा वर्षं मी या पोरीला शिंकेवर घरात घेतलं होतं. मी मामाजींचा हात तिच्या बाहीवरून सोडवला अन् ओरडली, “पाहते काय? पळ, तेजू! पळ!”

अन् ती पळाली. एका हातात सूटकेस, पाठीवर बॅग, नाक ओढत, माणसांतून वाट काढत ती त्या लांबच्या डब्याकडं अशी पळाली की हमालसुद्धा बाजूला झाले. गाडी हलली तेव्हा तिचा हात दारातून बाहेर दिसला. मी तिच्यामागं एक पाऊलही टाकलं नाही. मामाजी म्हणाले, “शिंकली होती वं ती.” मी म्हटलं, “शिंकू द्या, मामाजी. ती एकटी नाही गेली.”